नळावर लागलेला दिवा

वायरमनच्या खिशाला पेनासारखा अडकलेला असतो ना, मित्रांनो, तसा मी एक जुना टेस्टर आहे. पुढे चपटं पातं, मागे पारदर्शक मूठ, तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढा दिवा आणि शेंड्याला धातूची टोपी. पातं वाहत्या विजेला टेकलं आणि टोपीवर माणसाचं बोट असलं, तरच माझा दिवा लागतो. वीज माझ्यातून त्या माणसाच्या अंगात शिरते आणि जमिनीत जाते. इतकी थोडी, की त्याला पत्ताही लागत नाही. पंचवीस वर्षं झाली, तरी मला याचं नवल वाटतं. माझा दिवा मी एकट्यानं कधीच लावलेला नाही.

माझे मालक वायरमनकाका. त्यांच्या खिशातून मी छापखाने पाहिले, दवाखाने पाहिले. कौतुक झालं, तसे हालही झाले. माझ्या पात्यानं रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटली गेली. आकडे दाखवणारं मीटर आलं, तेव्हा दोन वर्षं मी खिळ्यांच्या डब्यात पडून होतो. पुढे काकांनीच मला पुसून पुन्हा खिशाला लावलं.

एका सकाळी आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या कोऱ्या घरात गेलो. दारांच्या कड्यांवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं.

"काका, बाथरूमचा नळ आमच्या ठकीला गुदगुल्या करतो म्हणे," बाबा हसत म्हणाले. "आंघोळ टाळायला काय काय सुचतं बघा. वकील होणार ही."

"करतो! खरंच करतो!" पाच वर्षांची ठकी आईच्या मागून ओरडली.

"काल मलाही झिणझिणलं," आई म्हणाली. "तुम्ही घरभर रबरी चपला घालून फिरता, तुम्हाला काय कळणार?"

"अगं, पण गीझर बंद होता! बंद गीझरमधून करंट येईल कसा? बिल्डरचा माणूससुद्धा टेस्टर लावून गेला. दिवा लागलाच नाही."

"टेस्टर धरला कसा होता त्यानं?" काकांनी विचारलं.

आईनं मला हातात घेऊन दाखवलं. बोटं मुठीभोवती होती, टोपी मोकळीच.

"वर बोट नव्हतं?"

"नाही. पेन धरतात तसा धरला होता."

"मग तो टेस्टर नव्हता, ताई. नुसता स्क्रूड्रायव्हर होता."

बाथरूममध्ये गीझरखाली लोखंडी स्टूल मांडलेलं होतं. त्यावर ओलं फडकं होतं. गीझरवरचा स्टिकर काढायला आई चढणारच होती, तेवढ्यात आम्ही आलो होतो. काकांनी पायानंच ते स्टूल बाहेर सरकवलं. मग माझ्या टोपीवर बोट ठेवून त्यांनी मला नळाला टेकवलं.

माझा दिवा लागला.

मी तारांवर पेटलो आहे, प्लगच्या भोकांत पेटलो आहे. पण पाण्याच्या नळावर कधीच नाही. मंदच होता तो प्रकाश. तरीही सगळे माझ्याकडेच बघत राहिले. कोरड्या लाकडी खुर्चीवर उभं राहून काकांनी मला गीझरच्या पत्र्याला लावलं, आणि मी असा लख्ख पेटलो, की ठकीनं डोळ्यांवर हात घेतले.

"कुणी कशालाही हात लावू नका," काका म्हणाले आणि त्यांनी घराचा मेन स्विच पाडला.

गुलाबी फरशांच्या वर, भिंतीतल्या तारांच्या डब्यात, कारण सापडलं. लाल तार निम्म्यावर संपली होती आणि तिला पुढे हिरवी जोडली होती.

"वायरिंग करणाऱ्याची लाल तार संपली, खाली जाऊन आणायचा कंटाळा आला," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी दुसरा गडी आला. हिरवी तार म्हणजे अर्थिंग, एवढं त्याला पाठ. ही त्यानं गीझरच्या पत्र्याला जोडली आणि विजेसाठी नवी लाल ओढली."

पत्र्यात चुकून उतरलेली वीज अर्थिंगची तार जमिनीत नेऊन सोडते. इथे तीच तार स्विचमधून न जाता थेट वीज पत्र्यात आणत होती, रात्रंदिवस, गीझर बंद असतानाही.

"मधे प्लास्टिकच्या पाइपातलं पाणी होतं, म्हणून नळाला नुसतं झिणझिणत होतं. ताई, त्या लोखंडी स्टुलावरून तुमचा ओला हात वर पत्र्याला लागला असता, तर जिवावर बेतलं असतं."

बाबांनी पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या. "ठकी, चुकलंच माझं," ते म्हणाले.

"मी सांगत होते ना!" ठकी म्हणाली.

दुपारपर्यंत भिंतीतून खरी अर्थिंग आली. मीटरनं मोजून झाल्यावर काकांनी मला पुन्हा नळाला टेकवलं. टोपीवर बोट होतं, तरी मी विझलेलाच राहिलो. एवढा अभिमान मला पेटतानाही कधी वाटला नव्हता. पण ठकीचा काही माझ्यावर विश्वास बसेना. तेव्हा काकांनी अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहून स्वतःचा हात नळावर ठेवला. मग बाबांनी ठेवला. शेवटी तिनं एक बोट लावलं, मग पंजा लावला, आणि नळ पूर्ण सोडून सगळ्यांना भिजवलं.

मित्रांनो, घरात कुणी "झिणझिणतं" म्हणालं तर हसू नका, आणि खरं की खोटं ते बघायला स्वतः हात लावू नका. मेन स्विच बंद करा, जाणत्या माणसाला बोलवा. आणि कधी माझी मूठ तडकलेली दिसली, तर जुना सोबती म्हणून जपू नका, फेकून द्या. मी धड आहे तोवरच माझ्यातून जाणारी वीज चिमूटभर राहते.