अक्का शिकवते

शालननं सहावीत पाटी भिंतीवर आपटून फोडली आणि शाळा सोडली, हे कन्नड मुलखातल्या या शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. का फोडली ते कुणी विचारलं नाही. सहावीला त्या वर्षी मास्तरच नव्हते. भाषावार प्रांत झाले, कन्नड राज्य मोठं झालं, दोघे मास्तर धारवाडकडे बदलून गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. पोरं सकाळी यायची, रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायची आणि संध्याकाळी घरी जायची. शालनचं डोकं फिरायला एवढं पुरलं.

मागे उरले एकटे शेषगिरी मास्तर. एका मास्तरामागे चाळीस पोरं असा कायदा. यांच्यामागे अख्खी शाळा. एका वर्गाला गणित घालायचे, दुसऱ्यात जाऊन ओरडायचे, तिसऱ्यात पोचेतो पहिल्यात मारामारी. शेवटी ते शालनच्या घरी आले. तिची आई, तानूबाई, शिंप्याकडची काजं करत बसली होती. मास्तर उभ्याउभ्याच म्हणाले, पोरगी गल्लीत भांडत फिरते, त्यापेक्षा पहिली-दुसरी सांभाळू दे. नवे मास्तर आले की हिला परत वर्गात बसवतो, सातवी पास करवून घेणं माझ्याकडे लागलं.

सातवी म्हटल्यावर शालन तयार झाली. सातवी पास झाली की काजं करावी लागणार नाहीत, एवढं तिला कळत होतं. आईची बोटं ती रोज बघत होती.

पोरं तिनं तीन वर्षं सांभाळली, तापट माणूस सांभाळतो तशी. आधी डोळे, मग आवाज, मग एखादी चापट. पोरं तिला अक्का म्हणायची आणि तिच्याच मागं मागं करायची. एक गोष्ट तिनं त्यांच्या हाडात भिनवली. वर्गात मोठं माणूस नसलं की दंगा नाही. एकानं उजळणी धरायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची. ती पाणी प्यायला गेली तरी मागं पाढे चालू. उजळणी धरायचा मान अनसूयाचा. पुढचे दोन दात पडलेले, नाक सदा वाहतं, पण आवाज असा की रस्त्यावरचा केळीवाला गप्प व्हावा.

जूनमध्ये इन्स्पेक्टर येणार अशी वर्दी आली. मास्तरांनी शालनला बाजूला घेतलं. नवी जागा एकच आहे, म्हणाले, आपल्याला मिळेल नाहीतर आनेकलच्या शाळेला. ज्याचे हाल जास्त त्याला. तू उद्या वर्गात येऊ नकोस. बिनमास्तरचा वर्ग कसा असतो ते साहेबाला बघू दे.

शालनला मजाच वाटली. जाताना पोरांना सांगून गेली, उद्या मी नाही, काय वाटेल ते करा, बाकावर नाचा. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना वाटलं, अक्का आपली परीक्षा बघतेय.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या खिडकीखाली दबा धरून बसली. इन्स्पेक्टर आले, डोक्याला जरीचा फेटा, हातात छत्री. मागे मास्तर, घाम पुसत. साहेबांचा पाय उंबऱ्यावर पडतोय तोच अनसूया उभी राहिली.

"बे एके बे."

मागून सगळा वर्ग. बे दुणे चार. हातांची घडी, पाठी ताठ, कुणी नाक पुसायलासुद्धा हललं नाही. शालननं खिडकीखालून दातओठ खाल्ले. नाचा की रे गाढवांनो.

साहेब दहाचा पाढा संपेतो उभे राहिले. मग अनसूयापाशी वाकले आणि कन्नडमध्ये विचारलं, कोण शिकवतं हे?

"अक्का," अनसूया म्हणाली.

"अक्का, अक्का," सगळी पोरं ओरडली.

साहेबांचा चेहरा खुलला. ते मास्तरांना म्हणाले, "बघा. घरी थोरल्या बहिणी शिकवतायत. चांगल्या घरातली मुलं आहेत ही. आनेकलच्या पोरांना कुठली आलीय असली अक्का? ती दिवसभर झाडावर असतात." आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही एकट्यानं छान चालवलंय. सरी, ठीक आहे, नवी जागा आनेकलला देऊ."

शालन उठून खिडकीत उभी राहिली. गजाला धरून. एकच शब्द बोलायचा होता, मी. मास्तरांनी तिला पाहिलं. डोळ्यांनीच हात जोडले. बिनपगारी पोरगी वर्गावर बसवली हे साहेबाला कळलं तर मास्तरांची नोकरी जाणार, मग शाळेला तेवढाही मास्तर उरणार नाही. तिनं तोंड मिटलं. गजाचा गंज तळव्याला लागला.

संध्याकाळी मास्तर म्हणाले, "पुढच्या वर्षी परत मागू. तोवर स्वल्प सांभाळून घे, शालन."

"पुढच्या वर्षी मी सोळाची. लहान पोरांत मला कोण बसवून घेईल, मास्तर?"

मास्तर चष्मा पुसत राहिले. घरी तानूबाईनं हातातलं काज बाजूला ठेवलं. एक सुई ओवली आणि पोरीच्या हातात दिली.

सकाळी शालन शाळेत गेली ती ठरवूनच. पोरांना दंगा शिकवायचा. बाकं पाडायला, शाई सांडायला, साहेबाच्या अंगावर धावून जायला. दारात ती थबकली. आत गडबड चालली होती, खरीखुरी, दोघं एकमेकांच्या झिंज्या ओढत होते. तिला जरा बरं वाटलं. मग तिची सावली आत पडली, पोरं पटापट बसली, आणि अनसूयानं तिच्याकडे बघत, हसत, छाती भरून घेतली.

"बे एके बे."

शालनचा हात कधी उठला ते तिलाही कळलं नाही. थप्पड अशी बसली की पोरगी बाकावर आपटली.

अनसूया रडली नाही. गालावर हात धरून, कपाळाला आठ्या घालून ती आठवत राहिली, कुठं चुकलं. मग उभी राहिली आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं, यावेळी हळू, एकेक शब्द जपून.

मागून सगळ्या वर्गानं म्हटलं.