झुंबरबाईंच्या मुठी

चिमाजीचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेला माणूस, बायको जाऊन कितीतरी वर्षं झालेली, आणि छातीत धडधड मात्र कॉलेजातल्या पोरासारखी! काल संध्याकाळी त्यानं धीर करून झुंबरबाईंना विचारलं होतं, "आपण दोघं लग्न करू या का?" त्याही एकट्याच. म्हणाल्या, "उद्या सकाळी विचारून सांगते."

कुणाला विचारणार, ते त्याला ठाऊक होतं. दोघंही वाटपंथी. त्यांच्या पंथात वाट दाखवणाऱ्याला नाव नाही की मूर्ती नाही. त्याच्याबद्दल बोलताना नावाच्या जागी छातीला हात लावून क्षणभर गप्प राहायचं, बास. मोठा निर्णय असला की एका मुठीत तांदूळ घ्यायचे, दुसरी रिकामी ठेवायची आणि सकाळी दारात जो पहिला येईल त्याला मूठ निवडायला लावायची. तांदूळ निघाले तर हो, नाहीतर नाही. बहुतेक घरी दूधवालाच पहिला येतो. त्यामुळे पंथातली निम्मी लग्नं त्या बिचाऱ्यानंच जुळवलीत, काही मोडलीतही.

आता शहाण्या माणसानं घरी गुपचूप बसावं की नाही? पण चिमाजीला कुठला दम निघतोय! उजाडताच स्कूटर काढून गडी नाशिकरोडला झुंबरबाईंच्या दारात हजर. बेल वाजवली आणि मग डोक्यात प्रकाश पडला. अरे बापरे, पहिला मीच की!

दार उघडलं. झुंबरबाईंनी दोन्ही मुठी पुढे केल्या.

"अहो, मी नाही! मी जातो, दूधवाल्याला येऊ द्या," म्हणत चिमाजी मागे सरकला.

"आलात ते आलात. आता निवडा."

त्याला दरदरून घाम फुटला. चुकीची मूठ निघाली, तर उरलेला जन्म एकट्यानं खिचडी खायची. आणि दोष तरी कुणाला देणार? "डावी," तो कसाबसा म्हणाला.

मूठ उघडली. तांदूळ! चिमाजीच्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं. ते पुसायला झुंबरबाईंनी उजवा हात पुढे केला, तर त्यातूनही पायरीवर तांदूळ सांडले.

"अहो, ही लबाडी चालते का आपल्यात?"

"लबाडी कसली?" झुंबरबाई लाजल्या. "मला वाट काल तुम्ही विचारलंत तेव्हाच दिसली. मग रिकामी मूठ ठेवू तरी कुणासाठी?"