चंद्रीच्या जाग्यावर माशांची पेटी

आमच्या सुदुंबऱ्याच्या घरातली मागली खोली म्हंजी पूर्वीचा गोठा. तितं चंद्री म्हस सतरा वर्सं बांधलेली व्हती. तिच्या दुधावर आमचा राजेंद्र शिकला, कंपनीत लागला, आन् आता मलाच सांगतो, ही फरशी वाकडी हाय.

निमित्त काय, तर नात चैतालीला मासं पायजेत. आबांनी, म्हंजी आमच्या मालकांनी, गोठ्याच्या जुन्या वाशांचं स्टँड केलं. वर काचेची पेटी ठिवून दोन बादल्या पाणी ओतलं, तर पाणी एका अंगाला चढलेलं. राजेंद्र म्हनला, अशी भरली तर काच तडकंल. रविवारी गवंडी आणतो, फरशी उखडून सपाट टाइल बसवू. त्याच फरशीवर मी रोज चंद्रीला धुतलं व्हतं.

"वाकडी न्हाई रं ती, उताराची हाय," मी म्हनलं. "तुझ्या बापानं नळीत पाणी धरून, मापून दिलाय उतार."

त्यानं गवंड्याला फोन केलाच.

शनिवारी आबा तीच जुनी नळी घिऊन बसलं. दोन्ही टोकांचं पाणी बघून खुणा केल्या आन् स्टँडचं दोन पाय बोटभर कापलं. उभं करतो तर स्टँड आधीपेक्षा लवंडलेलं! गडी उताराकडचंच पाय कापून बसला व्हता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी म्हनलं, आता उलटं फिरवा की. फिरवलं, आन् बरोब्बर बसलं. पेटीतलं पाणी चारी बाजूंनी सारखं.

तरी राजेंद्राचा हेका सुटंना. पेटी सरळ झाली, फरशीचं काय?

रविवारी गवंडी दारात आला. तेवढ्यात पेटी भरताना चैतालीच्या हातनं आख्खी बादली कलंडली. पोर घाबरून भिंतीला टेकली. पाणी मात्र सरळ स्टँडखालनं गेलं, भिंतीच्या कडंनं वळलं आन् कोपऱ्यातल्या भोकातनं परसात पडलं. कुटं डबकं न्हाई, काय न्हाई.

राजेंद्र त्या पाण्यात अनवाणी उभा व्हता. भोकाकडं बघून म्हनला,

"आई, चंद्रीला धुतल्यावर पाणी असंच जायाचं ना?"

"व्हय. आन् तू आडवा पाय घालून आडवायचास."

त्यानं हळूच पाय आडवा धरला. मग बाहीर जाऊन गवंड्याला चहा पाजला आन् वाटंला लावलं. मी पदरानं डोळं पुसलं आन् चैतालीला दुसरी बादली आणायला सांगितली.