आधी घोडा, मग गुडघा

मी एक म्हातारा घोडा आहे. मित्रांनो, मला नाव नाही. आमच्या मंगोलियाच्या माळावर घोड्याला नाव ठेवण्याची रीतच नाही, रंगावरून ओळखतात. मी तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदवाला तांबडा. आता तो तांबडेपणाही उडाला आहे. दात झिजले आहेत, उजव्या डोळ्याला धूसर दिसते आणि मूठभर गवत चावण्यात माझी सकाळ सरते. तरी येणारा-जाणारा आधी माझ्या कपाळाला हात लावतो आणि मग तंबूत शिरतो, कारण मी एकदा नादामच्या जत्रेतली शर्यत जिंकलो होतो. त्या जिंकण्याचीच ही गोष्ट आहे. ती ऐकून तुम्ही टाळ्या वाजवाल असे मला वाटत नाही.

माझा जन्म चोइजिलच्या कळपात झाला. शर्यतीचे घोडे तयार करण्यात चोइजिलचा हात धरणारा त्या खोऱ्यात कोणी नव्हता. लीद हातात घेऊन चुरडायचा आणि सांगायचा, आज याला पळवा, उद्या बांधून ठेवा. त्याची बायको दुलमा आणि एकुलती एक मुलगी अंगिरमा. आमच्याकडे शर्यतीत घोड्यावर मुलेच बसतात, कारण मोठ्या माणसाचा भार घोड्याने उगाच का वाहावा? मी दोन वर्षांचा झालो तेव्हा सहा वर्षांची अंगिरमा माझ्या पाठीवर बसली. तिचे पाय माझ्या बरगड्यांपर्यंतच पोहोचायचे.

पहिल्याच शर्यतीत आम्ही शेवटचे आलो. अगदी शेवटचे, आमच्या मागे फक्त धूळ होती. आता एक गंमत ऐका. शिंगरांच्या शर्यतीत जो सगळ्यांत मागे राहतो, त्याला आमच्याकडे हसत नाहीत. त्याला लोकांसमोर आणतात आणि स्तवन गाणारा म्हातारा त्याच्यासाठी 'भरल्या पोटाचे गाणे' गातो. शिंगराचा काही दोष नाही, पोट भरलेले होते, वाट खडकाळ होती, स्वार कोवळा होता, पुढच्या वर्षी हाच हजारांच्या पुढे असेल, असे काहीसे ते गाणे असते. मग माझ्या पाठीवर घोडीचे आंबवलेले दूध शिंपडले. चार थेंब अंगिरमाच्या नाकावरही उडाले. पोरगी अशी खुलली म्हणून सांगू! जिंकणाऱ्याला गाणे आणि आम्हाला गाणे, मधल्या शेकडो घोड्यांना काहीच नाही. तिला वाटले, आपण काहीतरी मोठेच करून दाखवले.

चोइजिल मात्र गाणे संपायच्या आत तिथून निघून गेला होता. वाटेत शेजारच्या छावणीतल्या एकाने त्याला हटकलेच. "काय चोइजिलभाऊ, यंदा वरातीमागून घोडं आणलंत की!"

तंबूपाशी पोचल्यावर अंगिरमा उडी मारून उतरली. "बाबा, माझं गाणं ऐकलंत?"

"तुझं नव्हतं ते. भीक घातली लोकांनी."

"पण माझ्यावर दूधसुद्धा शिंपडलं!"

"पडलो तरी नाक वर!" चोइजिल तिच्याकडे न बघताच म्हणाला. "दुलमा, ऐकतेस का गं तुझ्या पोरीचं?"

त्या दिवसापासून ती 'तुझी पोर' झाली ती झालीच. तुझ्या पोरीला उठव, तुझ्या पोरीला चहा दे. एकदा माझे खोगीर काढताना तिने धीर करून विचारले, "बाबा, मी तुमची नाही का?"

तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "ज्या दिवशी पहिली येशील ना, त्या दिवशी चारचौघांत सांगीन, ही माझी मुलगी. तोवर आईची."

मित्रांनो, एखाद्याला वाटेल चोइजिल राक्षस होता. नव्हता हो. त्याने तिच्यावर कधी चाबूक उगारला नाही. त्याला फक्त आमची विद्या येत होती. शर्यतीआधी घोड्याला बांधून ठेवतात आणि चारा रोखतात, म्हणजे पोट हलके होते आणि भुकेला घोडा वाऱ्यासारखा सुटतो. चोइजिलने तेच मुलीला लावले. फक्त चाऱ्याच्या जागी माया रोखली. तीन वर्षे तिला त्या भुकेवर पळवले आणि खरे सांगतो, ती पळाली.

त्या घरात एक नियम होता. पहिल्यांदा ती पडली तेव्हा गुडघा फुटून रक्त बुटात उतरले होते. ती गुडघा धरून रडायला लागली. चोइजिल घोड्यावरूनच ओरडला, "गुडघा नंतर! घोड्याचे पाय बघितलेस का?"

"दुखतंय, बाबा."

"गुडघा काय, आपोआप भरतो. घोड्याचा पाय गेला तर घोडा गेला. आधी घोडा, मग गुडघा. म्हण."

"आधी घोडा, मग गुडघा," ती हुंदके देत म्हणाली. मग लंगडत माझ्याकडे आली आणि माझा एकेक पाय चाचपायला लागली. पुढचे दोन, मग मागचे दोन. तिचे हात गरम होते आणि मला ते आवडायचे, हे मी कशाला लपवू?

हळूहळू ती रडायची थांबली. पडली की उठायची, चारही पाय चाचपायची, पुन्हा चढायची. न रडता चढली त्या पहिल्या दिवशी चोइजिलने तिच्या हातावर सुकवलेल्या दह्याचा एक खडा ठेवला. तिने तो खाल्ला नाही. खिशात ठेवून दिला आणि अधूनमधून काढून बघायची. मी उपाशी बांधलेला असे तेव्हा तिलाही नुसता पातळ चहा मिळे, वजन वाढू नये म्हणून. दुलमा तिचे केस विंचरताना म्हणायची, "सोस, बाळा. सोसणाऱ्याचं भलं होतं." दुलमाने स्वतः इतके सोसले होते की तिचे किती भले झाले ते मी रोज बघत होतो.

मी पाच वर्षांचा झालो. अंगिरमा नऊ वर्षांची. नादामच्या सकाळी दुलमाने तिला स्वतः शिवलेला पिवळा सदरा घातला, आणि आम्ही निघालो तेव्हा मागून पळीने दूध उडवले. चोइजिलने माझी शेपूट बांधली, आयाळीची शेंडी वळली आणि तिला एवढेच म्हणाला, "मागे वळून बघायचं नाही."

ती वाकून माझ्या कानात म्हणाली, "आज बाबा म्हणणार बघ."

मी पळालो. असा पळालो की निम्मी वाट संपायच्या आत बाकीच्यांची धूळसुद्धा मागे दिसेना. अंगिरमा हसत होती, तिचे हसू मला पाठीवर कळत होते. आणि मग गवतात लपलेल्या बिळात माझा पुढचा पाय गेला. मी कोलमडलो, सावरलो. ती माझ्या मानेवरून पुढे फेकली गेली.

मी थांबलो. मित्रांनो, मी थांबलो होतो, हे लक्षात ठेवा. तिचा डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. तिने तोंड उघडले, पण आवाज काढला नाही. हातांवर सरपटत ती माझ्याजवळ आली आणि माझा पाय चाचपला. मग दुसरा, तिसरा, चौथा. तिचे हात त्या दिवशी थंड होते.

"बरा आहेस तू," ती म्हणाली. मागून टापा ऐकू यायला लागल्या होत्या. तिने माझ्या पायावर चापट मारली. "चू! जा! जा ना, ते येतील!"

घोडा शिकवलेले करतो. मी गेलो.

मी पहिला आलो. आमच्याकडे पळतो घोडा आणि जिंकतोही घोडाच. पाठ रिकामी असली तरी पहिला तो पहिला. लोक धावत आले. चोइजिलने लाकडी पट्टीने माझा घाम निपटायला सुरुवात केली, आणि तो घाम शुभ म्हणून लोक कपाळाला लावू लागले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. तो माणूस माझ्या गळ्यात पडून रडला! मी कधी त्याला रडताना पाहिले नव्हते.

दुलमाने माझी रिकामी पाठ पाहिली आणि ती माळाकडे पळत सुटली.

"अगं कुठे चाललीस?" चोइजिल ओरडला. "आधी दुधाचं भांडं आण! घोड्याच्या डोक्यावर दूध घालायचंय!"

"अहो, पोरगी..."

"गाडी गेलीय मागे, उचलून आणतील तिला. भांडं आण म्हणतो ना!"

दुलमा थांबली. एकदा माळाकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे. मग वळली, भांडे आणले, त्याच्या हातात दिले आणि मग पळाली. तेवढ्या वेळाची शिक्षा ती पुढे आयुष्यभर स्वतःला देत होती.

स्तवन गाणारा म्हातारा मानाचे निळे कापड घेऊन पुढे आला आणि खोळंबला. "स्वार कुठाय? रिकाम्या पाठीचं स्तवन कसं गाऊ?"

चोइजिलने इकडेतिकडे पाहिले. त्याच्या मेहुण्याची मुलगी गर्दीत उभी होती, साधारण तेवढ्याच वयाची. त्याने तिला काखेत धरून उचलले आणि माझ्या पाठीवर बसवले. ती घाबरून आयाळ धरून बसली. म्हाताऱ्याने विचारले, "ही कोण?"

"माझी मुलगी," चोइजिल म्हणाला. छाती फुगवून, चारचौघांत, मोठ्याने. "ही माझी मुलगी!"

मी कान वळवले, कारण नेमकी तेव्हाच पडलेल्या मुलांना उचलणारी गाडी गर्दीमागे येऊन थांबली होती. मागच्या फळीवर अंगिरमा आडवी होती. दुलमाने तिचे डोके मांडीवर घेतले होते. अंगिरमाने ते शब्द ऐकले. मान उचलून तिने माझ्या पाठीवर कोण आहे तेही पाहिले. एका माणसाने तेवढ्यात फोटो काढला.

तिचा पाय कसाबसा जुळला, पण वाकडाच जुळला. शर्यत संपली, पळणे संपले. चोइजिलला तिच्या अंथरुणापाशी यायला दोन दिवस लागले. पाहुण्यांची रीघ होती, सगळे मला बघायला येत होते. तंबूच्या पडद्याबाहेरच मी बांधलेला होतो, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात ना पहिली आले तर..."

"घोडा आला पहिला."

"मीच त्याला पाठवलं."

"ते बरं केलंस," चोइजिल म्हणाला. तो खरेच चांगल्या मनाने बोलत होता. "पण तू कुठे आलीस?"

पुढची वर्षे माझी कौतुकात गेली. गळ्यात पदके, डोक्यावर दूध, माझ्या नावाने, म्हणजे रंगाने, गाणी. मग गुडघे धरले, नवे घोडे आले, आणि मला खुंट्याला बांधून घरचे विसरले, पाहुणे तेवढे कपाळाला हात लावून जात. हिवाळ्यात म्हाताऱ्या जनावराचे मांस करतात; माझीही पाळी आली होती. अंगिरमाने अडवले. "हा राहू दे," एवढेच ती म्हणाली. कारण विचारले तर सांगायची नाही. मला वाटते, त्या दिवशी ती कुठे होती हे ठाऊक असणारा साक्षीदार तिला जिवंत हवा होता.

तो फोटो आजही तंबूत, दारातून शिरताच समोर दिसेल असा टांगलेला आहे. चोइजिल आता बोळका झाला आहे. पाहुण्यांना काठीने फोटो दाखवतो आणि म्हणतो, "माझी मुलगी होती वर. अशी पोरगी खोऱ्यात झाली नाही!" त्याला हे आता अगदी खरे वाटते. पाहुणे अंगिरमाला विचारतात, "ह्या तुम्हीच का?" चहा ओतता ओतता ती म्हणते, "हो."

अंगिरमाला आता एक मुलगी आहे, सुव्दा. सहा वर्षांची. अंगिरमाने तिला कधी उपाशी ठेवले नाही. 'माझी सुव्दा, माझी सोनी' असे दिवसातून दहादा म्हणते. मी मनात म्हणायचो, चला, निदान इथे तरी ती वाट संपली.

परवा सुव्दा नव्या शिंगरावर बसली. माझ्यासमोरच्या उतारावर शिंगरू बुजले, घसरले आणि सुव्दा दगडांवर पडली. अंगिरमा वाकडा पाय ओढत जितके धावता येईल तितके धावली. आणि शिंगरापाशी जाऊन बसली. तिचे हात आपसूक त्याच्या पायांवरून फिरू लागले. पहिला, दुसरा.

सुव्दा उठून बसली. ओठ फाटला होता, हनुवटीवरून रक्त गळत होते. तिने ते बाहीला पुसले आणि विचारले, "आई, शिंगराला लागलं का गं?"

अंगिरमाचे हात थांबले. मला वाटले, आता ती ऐकेल. स्वतःचाच आवाज आहे हा, ओळखेल.

तिचे डोळे भरून आले. "बघा!" ती तंबूकडे तोंड करून ओरडली, म्हाताऱ्या बापाला ऐकू जावे म्हणून. "बघा बाबा, एवढंसंही रडली नाही! ही माझी मुलगी!"

रक्ताळल्या तोंडाने सुव्दा हसली. अशी हसली, जणू तिच्यासाठी कोणी गाणेच गायले. अंगिरमाने तिसरा पाय चाचपला. चौथा राहिला होता, तोही चाचपला. मगच उठून मुलीकडे गेली.

मी आता फार दिवसांचा सोबती नाही. मेल्यावर माझी कवटी टेकडीवरच्या दगडांच्या राशीवर ठेवतील, तिला निळे कापड बांधतील. जिंकलेल्या घोड्याचा तो मान असतो. त्या पोकळ डोळ्यांनी मी खालचा माळ बघत राहीन आणि तिथे पोरे पडतच राहतील. म्हणून जिवंत आहे तोवर एवढे सांगून ठेवतो. मित्रांनो, घोड्याला चार पाय असतात, त्याचे तो बघतो. तुम्ही पडलात तर आधी मोठ्याने रडा. आणि आई धावत आली, तर घोड्याचे काही विचारू नका. आपल्याला कुठे दुखते आहे, ते तिला सांगा.