लंगड्या बाजू

समीक्षकाने ‘जमेच्या बाजू’ या चौकटीत ‘मध्यंतर’ असं लिहिलं, क्षणभर त्याकडे पाहिलं आणि खोडून टाकलं. मध्यंतराचं श्रेय दिग्दर्शकाला देणं त्याला फारच उदारपणाचं वाटलं.

दर शुक्रवारी त्याच्या परीक्षणाखाली दोन चौकटी छापल्या जात. डावीकडे ‘जमेच्या बाजू’, उजवीकडे ‘लंगड्या बाजू’. परीक्षण कुणी वाचत नाही, लोक चौकटी वाचतात, असं पुरवणी सांभाळणाऱ्या बाईंचं मत होतं आणि दुर्दैवाने ते खरं होतं. डावी चौकट भरणं समीक्षकाच्या जिवावर येई. उजवी दर वेळी उतू जाई, मग बाई निमूटपणे तिथलं अक्षर बारीक करून देत.

आज सकाळी पत्रकारांच्या खास खेळाला पाहिलेला चित्रपट सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्या टोळीचा होता. नाव पहिल्या भागाचंच, मागे फक्त दोनचा आकडा. पहिल्या भागाच्या शेवटी टोळीचा म्होरक्या कड्यावरून समुद्रात पडून मेला होता आणि समीक्षकाने त्याबद्दल जाहीर समाधान व्यक्त केलं होतं. दुसऱ्या भागात तो कोरडा ठणठणीत परत आला. तू वाचलास कसा, असं एका पात्राने विचारलंही. त्यावर तो म्हणाला, ‘मी मरत नाही, मारतो.’ मागच्या रांगेत बसलेल्या निर्मात्याच्या माणसांनी इमानेइतबारे शिट्ट्या वाजवल्या.

मधल्या काळात म्होरक्या धंदा सोडून डोंगरावर लाकडी खेळणी करत होता. मारेकरी निवृत्त झाले की त्यांना सुतारकामच का सुचतं, हे समीक्षकाला आजवर उमगलं नव्हतं. मग पुतणीला पळवून नेणं आलं, म्होरक्याने फळीखालून जुनं पिस्तूल काढणं आलं, खलनायकाने खुर्चीला बांधलेल्या माणसाला आपला सगळा बेत साडेसहा मिनिटं समजावून सांगणं आलं. चाळीस मारेकरी नायकावर धावून जात होते, पण एका वेळी एकच. एवढी शिस्तीची रांग समीक्षकाने टपाल कचेरीतसुद्धा पाहिली नव्हती.

हे सगळं त्याने लिहून टाकलं होतं. पण परीक्षणाचा जीव होता तो उजव्या चौकटीतल्या शेवटच्या तीन वाक्यांत, आणि ती त्याला अंधारात, ऐन हाणामारीत सुचली होती. जिन्यावरून कोसळणारा पहारेकरी, बोटीतून फेकला जाणारा दाढीवाला, काचेतून आरपार जाणारा मुखवटेवाला, हे सगळे एकच आहेत हे त्याच्या लक्षात आलं होतं. तोंड दिसत नव्हतं, पण अंग बोलत होतं. बोटीनंतर तर हा माणूस पडण्याआधी उजवा पाय असा जपून टेकवत होता, की जणू खाली निखारे आहेत. समीक्षकाने वहीत मिनिटं टिपून ठेवली होती. आता त्याने चौकटीतली वाक्यं पुन्हा एकदा वाचली:

‘मारेकरी डझनांनी, मरणारा मात्र एकच. दाढी लावा, मुखवटा चढवा, हा गडी दर वेळी उजवा गुडघा सांभाळूनच मरतो. या चित्रपटाची लंगडी बाजू चौसष्टाव्या मिनिटापासून पडद्यावर प्रत्यक्ष लंगडताना दिसते.’

असं वाक्य वर्षातून एखादंच जमतं. तो स्वतःवर इतका खूश झाला की त्याने उठून स्वतःसाठी चहा आणला. कप टेबलावर ठेवतो न ठेवतो तोच खालून निरोप आला, तुमची बहीण आली आहे.

ताई या इमारतीत कधी आली नव्हती. ती पाहुण्यांच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. शाळेच्या कचेरीतून अर्ध्या दिवसाची सुटी काढून आल्याचं तिने सांगितलं. भाऊ शेजारी बसला तरी ती समोरच्या भिंतीकडेच बघत राहिली.

“तो सिनेमा पाहिलास ना आज?”

“पाहिला कसला, सोसला.”

“हे आहेत त्यात. अकरा ठिकाणी.”

समीक्षकाच्या हातातली वही मिटलेलीच होती. ती त्याने उगाचच आणखी घट्ट मिटली.

ताईचे यजमान, म्हणजे दाजी, गेली बावीस वर्षं सिनेमात पडण्याची कामं करत होते. घोड्यावरून, गच्चीवरून, चालत्या गाडीवरून. नायकाच्या वतीने आणि नायकाच्या हातून. समीक्षक त्यांना दर रविवारी न चुकता विचारायचा, आज कुठे पडलात, आणि ते न चुकता हसायचे. कुठल्या सिनेमात पडलात, हे मात्र त्याने बावीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तसले सिनेमे नावाने ओळखायचे नसतात, असं त्याचं म्हणणं. आणि दाजींकडे त्याने नीट पाहिलं होतं तेही जेवताना, म्हणजे कमरेपासून वर.

ताईने थोडक्यात सांगितलं. बोटीच्या प्रसंगात गुडघा गेला. उरलेलं काम दाजींनी पट्टा बांधून पुरं केलं. फाइट मास्तरांना पत्ता लागू दिलेला नाही. पुढच्या महिन्यात तिसरा भाग सुरू होतोय आणि माणसं याच आठवड्यात निवडणार आहेत. मास्तर शुक्रवारी समीक्षकाच्या चौकटी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात, अधूनमधून शिव्या घालतात, पण शेवटपर्यंत वाचतात.

“तुझ्या नजरेतून काही सुटत नाही,” ती म्हणाली. “दिसलं असेल तर लिहू नकोस. हे काम गेलं तर घरात बसून झिजतील रे. त्यांना दुसरं काही येत नाही.”

“काही दिसलं नाही मला.”

“खरंच?”

“अगं, असला सिनेमा डोळे उघडे ठेवून कोण बघतं?”

हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. जाताना म्हणाली, मी आले होते हे त्यांना कळता कामा नये, आणि रविवारी जेवायला ये.

वर आल्यावर समीक्षकाने चहा पाहिला, तो गार झाला होता. त्याने आजवर एका निर्मात्याच्या धमकीपुढे आणि दोन नट्यांच्या अश्रूंपुढे स्वल्पविरामसुद्धा हलवला नव्हता. ती तीन वाक्यं खोडताना त्याला खरोखर वाईट वाटलं, आणि ते दाजींच्या गुडघ्याबद्दल नव्हतं, वाक्यांबद्दलच होतं. मग त्याला स्वतःची थोडी लाज वाटली. भरपाई म्हणून तो डाव्या चौकटीकडे वळला. ‘पडणारा माणूस उत्तम पडतो’ एवढं त्याने लिहिलं. ते खोटं नव्हतं. अख्ख्या चित्रपटात मन लावून काम केलेला तो एकच माणूस होता. पण कौतुक वाचूनही मास्तर निरखून बघणार, हे ध्यानात आल्यावर त्याने तेही पुसलं.

पान छपाईला जायची वेळ झाली तेव्हा बाई त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

“डावी चौकट रिकामी आहे.”

“तशीच जाऊ द्या. तेच मत आहे.”

बाई हसल्या. शुक्रवारी वाचकही हसले. कोऱ्या चौकटीचं सगळीकडे भलतंच नाव झालं. इतकी जहाल टीका मागच्या दहा वर्षांत झाली नाही, असं एका ज्येष्ठ मित्राने फोन करून कळवलं, आणि समीक्षकाने नम्रपणे ते मान्य केलं.

रविवारी दुपारी तो ताईकडे पोचला तेव्हा दाजी आधीच टेबलाशी बसले होते. उजवा पाय समोरच्या स्टुलावर सरळ ठेवलेला होता. हा पाय अलीकडे नेहमी असाच असतो की काय, हे समीक्षकाला आठवेना. त्यांच्या ताटाशेजारी शुक्रवारचं कात्रण नीट चौकोनी कापून ठेवलं होतं. सवयीने त्याच्या तोंडाशी आलं, आज कुठे पडलात, पण ते त्याने पाण्याबरोबर गिळलं.

ताईने वाढायला घेतलं. दाजींनी सुतारकामाच्या शेऱ्याला मनापासून दाद दिली. टपाल कचेरीचा तर मास्तरांना इतका राग आला की त्यांनी पेपर जमिनीवर आपटला, हेही हसत हसत सांगितलं. मग घास बाजूला ठेवून ते म्हणाले,

“मी होतो त्यात. माहीत नसेल तुला.”

“हो का? ओळखलं नाही मी,” समीक्षक म्हणाला. तेवढं तरी खरं होतं.

“ओळखायचं नसतंच. ओळखलंस तर मी कामात कच्चा.” दाजी खुशीत आले. “तुला एक गंमत सांगतो. हिलाही बोललो नाही अजून. माझा गुडघा मधे जरा बिघडला होता, तेवढं हिला ठाऊक आहे. मास्तरांना काही दिसलं नाही, पण मास्तरांचं लक्ष घड्याळाकडे. डॉक्टर म्हणाला बास करा, पण तो सगळ्यांनाच बास करा म्हणतो. म्हटलं, खरं कोण सांगेल? आपल्या घरात एकच माणूस आहे, जो सिनेमात चूक शोधायलाच बसतो. मनाशी ठरवलं, छोट्याने, म्हणजे तू, पकडलंस तर आपण होऊन मास्तरांना सांगायचं, संपलं आमचं. आणि नाही पकडलं तर गुडघा ठीक आहे.”

त्यांनी कात्रणावर बोट ठेवलं.

“सगळ्यांची सालं काढलीस. माझ्याबद्दल चकार शब्द नाही. काल होकार कळवून टाकला. तिसऱ्या मजल्यावरून उडी आहे, दोर नाही, खाली नुसती खोकी. उद्या सही करायची.”

ताईचा हात भाजीच्या भांड्यातच राहिला. तिने भावाकडे पाहिलं. चार दिवसांपूर्वी हीच बाई लिहू नकोस म्हणायला आली होती, आणि आता तिच्या डोळ्यांत काय आहे हे ज्याला पडद्यावरचा पाय अंधारात दिसला त्याला समोर बसून वाचता येईना. स्टुलावरचा पाय मात्र त्याला दिसत होता. पँटच्या आत गुडघा दुसऱ्या गुडघ्याच्या दीडपट होता.

समीक्षकाने डाव्या हाताने पिशवीतून वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. ती तीन वाक्यं त्याने पुसायच्या आधी वहीत उतरवून ठेवली होती. एवढं चांगलं वाक्य फुकट घालवणारा तो नव्हता. त्याने घसा साफ केला आणि नेहमी वाचायचा तशा कोरड्या, तुच्छ सुरात वाचलं.

“‘मारेकरी डझनांनी, मरणारा मात्र एकच. दाढी लावा, मुखवटा चढवा, हा गडी दर वेळी उजवा गुडघा सांभाळूनच मरतो. या चित्रपटाची लंगडी बाजू चौसष्टाव्या मिनिटापासून पडद्यावर प्रत्यक्ष लंगडताना दिसते.’”

ताई हळूच खुर्चीत बसली.

“चौसष्टाव्या,” दाजी म्हणाले. “बोटीनंतर.”

“बोटीनंतर.”

“सगळीकडे दिसतं?”

“त्यानंतरच्या सातही वेळा. काचेच्या वेळी जास्त.”

दाजींनी मान हलवली. काचेच्या वेळी पट्टा सुटला होता, असं काहीतरी ते पुटपुटले. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, अगदी शांतपणे.

“मग छापलं का नाहीस?”

ताईने मान खाली घातली.

“जागा नव्हती,” समीक्षक म्हणाला.

दाजींनी कात्रण उचलून डोळ्यांजवळ नेलं. उजवी चौकट बारीक अक्षरांनी काठोकाठ भरली होती. डावी अख्खी कोरी होती. ती कोरी चौकट त्यांनी, ओळन्‌ ओळ लिहिलेली असावी तशी, बराच वेळ वाचली. मग कात्रणाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि मास्तरांना लावायला ताईकडे फोन मागितला.