पाटीवरचे उलटे निरोप

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझी लाकडी चौकट तीन ठिकाणी तारेने आवळलेली आहे आणि एक कोपरा कधीच उडाला आहे. पण लिहिलेले अजून माझ्यावर स्पष्ट उमटते, आणि आजवर उमटलेले मी सहसा विसरत नाही.

डोंगराच्या पोटातून मला सोलून काढले. कारागिराने घासून घासून गुळगुळीत केले आणि एका दुकानात मी इतर पाट्यांबरोबर उभी राहिले. तिथून मला शिलाईमावशींनी उचलले. त्या कपडे शिवत, म्हणून सगळी गल्ली त्यांना याच नावाने ओळखे. नवरा लवकर गेलेला, पदरी एकच मुलगा, पिंट्या. मावशी मशीन चालवत असत आणि पिंट्या खाली बसून माझ्यावर अक्षरे गिरवत असे. मावशींचा एक डोळा सुईवर, एक माझ्यावर.

"काना कुठे गेला रे? तो काय शेजाऱ्यांनी येऊन द्यायचा?"

पिंट्या जीभ बाहेर काढून काना देई. ते माझे सुखाचे दिवस होते. मग वह्या आल्या आणि मी पिठाच्या डब्यावरचे झाकण झाले. पुढची वीस वर्षे मी पिठाच्या वासात काढली. तक्रार नव्हती, पण आपण लिहिण्यासाठी जन्मलो आहोत हे दगडालासुद्धा विसरता येत नाही.

पिंट्या शिकला, पूल बांधायच्या कामावर लागला, दूर परदेशी गेला. तिकडेच त्याने लग्न केले आणि त्याला मुलगी झाली. तिला सांभाळायला त्याने आईला बोलावून घेतले. निघताना मावशींनी मला धुतले, दोन शालींच्या मध्ये ठेवले आणि बॅग बंद केली. "नात लिहायला लागेल तेव्हा हिच्यावरच," त्या म्हणाल्या.

नात चिमणी तेव्हा वर्षाची होती. घर दोन मजली. खाली स्वयंपाकघर आणि मावशींची खोली, वर बाकीच्यांच्या खोल्या. पिंट्या आठवडाभर पुलावर असायचा, शनिवारी घरी यायचा. सूनबाई शहरातली बस चालवायची. पहाट फुटायच्या आत ती निघे आणि दुपारी दोनला परते. तिला मराठीचा गंध नव्हता. मावशींचे इंग्रजी सातवीपर्यंतचे. अक्षरे ओळखीची, शब्द थोडे. म्हणून स्वयंपाकघरात एक खिळा ठोकला आणि मला तिथे टांगले. सूनबाई जाताना माझ्यावर निरोप लिही आणि मावशी उठल्या की तो वाचत. वीस वर्षांनी माझ्या अंगावर पुन्हा अक्षर उमटले, मित्रांनो! भाषा परकी होती, पण खडू ओळखीचा होता.

पहिलाच निरोप असा होता: 'मिल्क इन द ग्लास ऑन द टेबल बाय द विंडो.'

मावशींनी तो तीनदा वाचला. आपल्या भाषेत मुख्य वस्तू शेवटी येते. आधी नुसता लवाजमा, सरदार मागाहून. शेवटचा शब्द होता विंडो. मावशींनी पदर खोचला आणि खिडकी साबणाने लख्ख धुतली. चिमणीसाठी काढलेले दूध मात्र शेजारच्या टेबलावर तसेच राहिले आणि नासले. सूनबाईने परतल्यावर आधी दूध पाहिले, मग खिडकी पाहिली. माझ्यावर तिने लिहिले, 'थँक यू फॉर द विंडो', आणि वर जाऊन हसली. जिन्यातून मला ऐकू आले.

शनिवारी पिंट्याने उलगडा केला. "आई, इथे सगळं उलटं असतं. आपण म्हणतो, खिडकीजवळच्या टेबलावरच्या पेल्यातलं दूध. हे लोक दूध आधी सांगतात. मग पेला, मग टेबल, मग खिडकी."

"म्हणजे सदरा आधी दाखवायचा आणि खिसे मागून जोडत बसायचं?"

"अगदी तस्सं."

"मग हे आधी नाही का सांगायचं? फुकट खिडकी घासली!"

त्या दिवसापासून मावशींनी शिकायचे मनावर घेतले. वरच्या खोलीला 'रूम अपस्टेअर्स' म्हणतात, बाहेरच्या नळाला 'टॅप आउटसाइड', शेजारच्या लोकांना 'पीपल नेक्स्ट डोअर'. मावशींना याचे भारी नवल वाटे. "ना चा, ना ची, ना चे! शब्द आपला नुसता मागे येऊन उभा राहतो, न बोलावल्या पाहुण्यासारखा." निरोप वाचताना त्या पहिल्या नामावर बोट ठेवत आणि पुटपुटत, "आधी कोण ते धरायचं. मग कुठलं ते." माझ्या अंगावर त्यांच्या बोटाचे ठसे उमटत.

दोन महिन्यांत त्या तयार झाल्या. वरच्या मजल्यावरच्या दाराआडच्या टोपलीतले पांढरे मोजे त्यांनी एका झटक्यात शोधून काढले, तेव्हा सूनबाईने माझ्यावर मोठी चांदणी काढली. मावशींनी ती दोन दिवस पुसू दिली नाही. पण मित्रांनो, पाटीवर कामे लिहिता येतात, गप्पा मारता येत नाहीत. दोघी एका टेबलावर जेवत, एकमेकींकडे पाहून हसत आणि गप्प बसत.

एका बुधवारी चिमणी पायरीवरून घसरली. कपाळाला टेंगूळ आले. मावशींनी ओला फडका लावला आणि तिला कडेवर घेऊन त्या घरभर हिंडल्या. सूनबाई आली, तिने टेंगूळ पाहिले, लेकीला उचलले आणि एक शब्द न बोलता वर गेली. मावशींना खूप सांगायचे होते. पण घसरणे, अचानक, हात सुटला, यातला एकही शब्द त्यांच्याजवळ नव्हता. त्या रात्री जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूनबाईने घाईघाईने माझ्यावर लिहिले: 'द ओल्ड वन डाउनस्टेअर्स गोज टुमॉरो. न्यू वन कमिंग ॲट टेन.'

मावशींनी बोट ठेवले. ओल्ड वन. म्हणजे म्हातारी, जुनी झालेली. कुठली? डाउनस्टेअर्स, खालची. उद्या जाणार. दहा वाजता नवी येणार. सूनबाईची आई नुकतीच नोकरीतून मोकळी झाली होती, हे मावशींना ठाऊक होते. त्यांचे बोट माझ्यावरच राहिले. खरे सांगते, मलाही तोच अर्थ वाटला. आपल्या अंगावर असे काही लिहिले जावे, आणि ते पुसायला आपल्याला हात नसावेत, यासारखे दुःख नाही.

पिंट्याला फोन करावा असे त्यांच्या मनात आले असावे, कारण फोन दोनदा हातात घेऊन त्यांनी खाली ठेवला. "लेकाला दोघींच्या मध्ये कशाला ओढायचं," त्या मला म्हणाल्या. पाटीशी बोलायची त्यांना सवय होती.

शुक्रवारी सकाळी त्यांनी बॅग भरली. चिमणीला न्हाऊ घातले, भरवले. मग मला खिळ्यावरून काढून माझ्या मागच्या बाजूवर लिहिले, 'पिंट्या, चिमणीला दूध फार गरम देत जाऊ नका. टेंगूळ उतरलं आहे.' शाल पांघरून, नातीला मांडीवर आणि मला शेजारी घेऊन त्या दारापाशी बसल्या.

बरोबर दहाला बेल वाजली. दारात निळे कपडे घातलेली दोन धिप्पाड माणसे. एकाने हातातला कागद वाचून विचारले, "ओल्ड वन? डाउनस्टेअर्स?"

मावशी उठल्या. ताठ उभ्या राहिल्या. "यस," त्या म्हणाल्या आणि छातीवर हात ठेवला. "मी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने डोके खाजवले. मग दुसरा अदबीने बाजूने आत गेला, मावशींच्या खोलीतल्या भिंतीवर खडखडणाऱ्या जुन्या हीटरपाशी वाकला आणि त्याचे स्क्रू काढू लागला. बाहेर गाडीत नवा हीटर खोक्यात बसून होता.

मावशींनी माझ्यावरचा निरोप पुन्हा वाचला. नामाच्या जागी सूनबाईने नुसते 'वन' लिहिले होते. खिसे बरोबर जोडले होते, पण सदऱ्याचाच पत्ता नव्हता.

दोनला सूनबाई आली. तिला नवा हीटर दिसला, मग बॅग, मग शाल. तिने हातांनीच विचारले, हे काय? मावशींनी मला उचलून तिच्यासमोर धरले, 'ओल्ड वन डाउनस्टेअर्स' यावर बोट ठेवले आणि तेच बोट स्वतःकडे वळवले.

सूनबाईला समजायला एक क्षण लागला. मग तिने तोंडावर हात ठेवला. तिने पिंट्याला फोन लावला आणि रडत, अडखळत त्याला काहीतरी सांगत राहिली. पिंट्याचा आवाज घरभर ऐकू आला. "आई, ती म्हणतेय, चिमणी तिच्या हातूनही दोनदा पडलीय. मला कळू दिलं नव्हतं तिने. परवा स्वतःचीच लाज वाटून ती वर गेली. आणि आई, हीटर बदलला कारण तू रात्री खोकत होतीस. तिला वर ऐकू जायचं."

मावशींनी डोळे पुसले. "अगं, मग सांगायचं की," त्या सुनेला मराठीतच म्हणाल्या.

सूनबाईने मला मांडीवर घेतले. पिंट्या फोनवरून एकेक अक्षर सांगत होता, कुठे रेघ, कुठे गोल. तिला लिहायला पाव तास लागला. अक्षरे वाकडीतिकडी, काना कुठच्या कुठे, आणि शब्दांचा क्रम तिने आपल्याच भाषेचा ठेवला. तिने लिहिले: 'आई खालच्या खोलीतल्या.'

मावशींनी पहिल्या शब्दावर बोट ठेवले. ते तिथून हलेना. सूनबाईने चूक दुरुस्त करायला खडू हातात दिला होता, तो त्यांनी खाली ठेवला.

मित्रांनो, या गोष्टीला बरीच वर्षे झाली. आता दोघींच्या हातात फोन आहेत, ते एका भाषेचे दुसरीत करून देतात. चिमणी वहीत लिहिते. माझ्यावर कित्येक आठवडे काही उमटत नाही आणि खिळ्यावर माझ्याभोवती धूळ जमते. त्याचे मला वाईट वाटते, पण खूप नाही. आता त्या दोघी जेवताना एकमेकींच्या भाषेत चुका करत भांडतात आणि ते मला इथून ऐकू येते.

तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी पाटी असेल तर तिला टाकून देऊ नका. घाईत निरोप लिहिलात तर कोणाविषयी आहे ते आधी लिहा. वाचून मन दुखावले तर बॅग भरण्याआधी एकदा विचारा. आणि पाटी थुंकी लावून पुसू नका, ओला फडका घ्या. पण पुसण्याआधी, समोरच्याला ते कळले आहे ना, एवढे बघा.