जाईचं पाणी

घिवलीच्या वाडीतली विहीर खारावल्याची कुणकुण लागली, तसा कृष्णकांत मास्तर शाळेतली सिल्व्हर नायट्रेटची बाटली खिशात घालून पालघरहून आला. मास्तरच तो, परीक्षा घेतल्याशिवाय सोडतोय कशाला! पाणी खारं निघालं तर वडिलांना आजच पालघरला न्यायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. साल पासष्ट. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि म्हातारा पुंडलिक वाडीत एकटाच.

“पाणी गोड हाय,” पुंडलिकने माठातून पेला भरून पुढे केला.

कृष्णकांतने दोन थेंब टाकले. मीठ असतं तर पांढरा साका धरला असता; पाणी जेमतेम धुरकटलं. त्याला हायसं वाटलं, बापावर उगाच संशय घेतल्याची लाजही वाटली.

तेवढ्यात पुंडलिक कोपऱ्यातल्या आपल्या तांब्यातून घोटभर पाणी प्यायला. भरला माठ समोर असताना वेगळा तांब्या कशाला? कृष्णकांतने पेला रिकामा करून तांब्यातलं उरलेलं पाणी त्यात ओतलं आणि थेंब टाकला. पेल्यात दह्यासारखा पांढरा साका धरला.

“हे विहिरीचं ना, बाबा?”

पुंडलिकने पेला हलवून बघितला. “मीठ तं पाण्यात इरतं. हे का नाय इरत?”

“मिठात सोडियम आणि क्लोरीन आपापले इलेक्ट्रॉन राखून असतात. पाणी त्यांना सहज वेगळं करतं. या बाटलीतल्या चांदीची ओढ जबर. ती क्लोरीनभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा ढग आपल्याकडे ओढते, मग तो दोघांत वाटला जातो. ती जोडी पाण्याला सुटत नाही. क्लोरीनचं भावंड आयोडीन तर अंगाने मोठं, त्याचा ढग सैल. ते जास्त ओढलं जातं, आणखी घट्ट बसतं...” शिकवता शिकवता मास्तरची नजर माठाकडे गेली. “माठातलं कुठून आणता?”

“वरच्या आळीतून. दिवसाला एकच हंडा झेपतो. थोडं तू येशील म्हणून ठेवतो, बाकी तुझ्या आयेनं लावलेल्या जाईला. खाऱ्या पाण्यानं ती जळाय लागलेली.”

“आणि स्वतः हे पिता?”

पुंडलिकने सुजलेले पाय धोतराखाली ओढून घेतले. चोरी पकडली गेली होती.

“येतो मी पालघरला,” तो शेवटी म्हणाला. “माठ भरलेला हाय. निघताना जाईला घाल.”

कृष्णकांतने सगळा माठ जाईच्या बुंध्याशी रिकामा केला. उद्या कोण घालणार, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.